काळी, पण आपली काळी नव्हे

हे पुस्तक ज्या मातीविषयी आहे, ती महाराष्ट्रात सापडत नाही. ती सापडते युक्रेन आणि दक्षिण रशियाच्या स्टेपमध्ये, कझाकस्तानच्या उत्तरेला आणि कॅनडाच्या प्रेअरी प्रांतांत. हिवाळ्यात तिथली जमीन कित्येक महिने गोठलेली असते, उन्हाळ्याच्या उत्तरार्धात ती कोरडी पडते आणि मधल्या थोड्या ओलसर दिवसांत गवत काय वाढायचे ते वाढून घेते. या मातीचे शास्त्रीय नाव चर्नोझेम. जगातील मृदावर्गीकरणाच्या संदर्भग्रंथात तिचे क्षेत्र सुमारे २३ कोटी हेक्टर दिले आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या सातपटींहूनही अधिक. गव्हाच्या जागतिक बाजाराची बातमी आपण वाचतो तेव्हा बहुतेक वेळा याच मातीविषयी वाचत असतो.

काळी माती म्हटले की मराठी वाचकाला आपण घरचेच काही वाचतो आहोत असे वाटेल, आणि पहिला घोटाळा तिथेच होतो. वऱ्हाड-मराठवाड्यातील कापसाची काळी जमीन आणि ही थंड मुलखातील काळी जमीन यांच्यात रंग सोडला तर साम्य थोडे आहे. आपली काळी दख्खनच्या बेसॉल्टपासून झाली. तिच्यात फुगणाऱ्या आणि आक्रसणाऱ्या चिकणमातीचे प्रमाण बहुतेक ठिकाणी निम्म्याच्या आसपास असते. म्हणून पावसात ती बैलाचे पाय धरून ठेवते आणि एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा टाकते. पण तिच्या माती परीक्षणाचा अहवाल उघडून पाहिला तर सेंद्रिय कर्ब एक टक्क्याच्या आत, पुष्कळदा अर्ध्या टक्क्याच्या आसपास. तिचा काळेपणा भरपूर ह्युमसमुळे, म्हणजे कुजून मुरलेल्या सेंद्रिय द्रव्यामुळे, आलेला नाही. थोडासाच ह्युमस चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटून बसल्यामुळे आलेला आहे. चर्नोझेमचा काळेपणा मात्र खरोखरच ह्युमसच्या साठ्याचा. जुन्या ग्रंथांत आपल्या काळ्या जमिनीला, म्हणजे रेगूरला, ‘उष्ण कटिबंधातील चर्नोझेम’ म्हटलेले आढळते. रंग पाहून नाव दिले की असे होते.

या पुस्तकाचा आग्रह एकच आहे. माती वरून पाहून ओळखू नये, खड्डा खणून तिचा उभा छेद पाहावा. आणि तिला दिलेले नाव ती कशी दिसते यापेक्षा ती कशी घडली हे सांगणारे असावे. आज हे कोणी नाकारणार नाही. पण दीडशे वर्षांपूर्वी हे कुणाच्या मनातही नव्हते, आणि ज्या मातीमुळे ते मनात आले ती हीच माती.

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत रशियाच्या विद्वानांत या काळ्या मातीच्या उगमावरून मोठा वाद होता. पीटर पालास यांना ती मागे हटलेल्या समुद्राचा गाळ वाटली. इंग्लंडहून आलेले भूशास्त्रज्ञ रॉडरिक मर्चिसन यांनीही तिचे मूळ भूशास्त्रीय गाळातच शोधले. कोणी म्हणे, ही वाळलेली दलदल. रशियन शास्त्रज्ञ लोमोनोसोव्ह यांनी मात्र १७६३ मध्येच, ही वनस्पती आणि प्राणी कुजून झाली आहे, असे लिहून ठेवले होते, आणि १८६६ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रुपरेख्ट यांनी तीच बाजू नव्या पुराव्यांनिशी मांडली. वाद विद्वानांपुरता राहिला असता. पण १८७०च्या दशकात स्टेपमध्ये लागोपाठ अवर्षणे आली, साम्राज्याचे धान्याचे कोठार संकटात आले, आणि सेंट पीटर्सबर्गच्या ‘फ्री इकॉनॉमिक सोसायटी’ने या मातीच्या पाहणीचे काम वसिली दोकुचायेव्ह या तिशीतल्या भूशास्त्रज्ञाकडे सोपवले.

दोकुचायेव्ह १८७७ आणि १८७८ चे उन्हाळे हिंडले. सुमारे दहा हजार किलोमीटरच्या त्या भ्रमंतीत ते जागोजागी खड्डे घेत, थरांची जाडी मोजत, नमुने पिशव्यांत भरत गेले. त्यातून आलेला ‘रशियन चर्नोझेम’ हा ग्रंथ १८८३ चा. त्यातील नकाशा पाहण्यासारखा आहे: समान ह्युमस असलेल्या जमिनींचे पट्टे नैऋत्येकडून ईशान्येकडे तिरपे जातात आणि खालचा खडक बदलला तरी ते फारसे हलत नाहीत. खडक वेगळा आणि माती एकच, याचा अर्थ माती म्हणजे नुसता झिजलेला खडक नव्हे. हवामान, जीवसृष्टी, मूळ द्रव्य, उंचसखलपणा आणि काळ या पाचांच्या एकत्रित कामातून माती जन्मते, हे सूत्र त्यांनी मांडले आणि मृदाशास्त्र भूशास्त्रापासून वेगळे झाले. माझ्या मते डार्विनने सजीवांच्या वर्गीकरणाला जे दिले, म्हणजे वर्गीकरणामागे उत्पत्ती असते ही दृष्टी, तेच दोकुचायेव्ह यांनी मातीला दिले. ही तुलना काहींना मोठी वाटेल. मला वाटत नाही.

हा विचार पश्चिमेकडे पोहोचायला मात्र वेळ लागला. रशियन भाषा आड आली. कॉन्स्तान्तिन ग्लिंका यांचे १९१४ चे पुस्तक जर्मन भाषेत होते. ते अमेरिकेचे कर्टिस मार्बट यांनी इंग्रजीत आणले आणि १९२७ मध्ये, वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय मृदाविज्ञान परिषद भरली त्याच वर्षी, ते प्रसिद्ध झाले. कॅनडाच्या प्रेअरीत पद्धतशीर मृदा सर्वेक्षण सुरू झाले तेही १९२०च्याच दशकात. यापुढची बरीचशी चर्चा मी कॅनडाच्या उदाहरणावरच केली आहे. कारण सरळ आहे: तिथे हिमनद्या ओसरून जेमतेम दहा-बारा हजार वर्षे झाली, जमीन तरुण आहे, मूळ द्रव्य बऱ्याच अंशी एकसारखे आहे, आणि त्यामुळे हवामानाचे काम त्या जमिनीवर स्वच्छ वाचता येते.

आता हे काम कसे चालते ते पाहू. गवताचा खरा पसारा जमिनीखाली असतो. प्रेअरीवर वर दिसणाऱ्या पात्यांपेक्षा खालच्या मुळांचे वजन अधिक. दरवर्षी या मुळांचा काही भाग जागच्या जागी मरतो. जंगलात पाने वरून पडतात आणि वरच कुजतात. गवताळ प्रदेशात सेंद्रिय द्रव्य थेट मातीच्या पोटात जमा होते. ते कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना ऊब आणि ओल एकाच वेळी लागते, आणि प्रेअरीचे हवामान नेमके तेच देत नाही. प्रेअरीतल्या सॅस्काटून शहरात वर्षाला साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस-बर्फ मिळून पाणी पडते आणि जानेवारीचे सरासरी तापमान उणे पंधराच्या जवळ असते. हिवाळ्यात ओल असते पण ती गोठलेली. ऑगस्टमध्ये ऊब असते पण ओल गवताने पिऊन टाकलेली. कुजण्याला उरतात वसंतातले आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीचे थोडे आठवडे. मिळकत बऱ्यापैकी आणि खर्चाला वेळच नाही, म्हणून साठा वाढत जातो. विदर्भात जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ऊब आणि ओल हातात हात घालून असतात. तिथे शेतकऱ्याने टाकलेले शेणखत दोन हंगामांत कुठे गेले ते कळत नाही, ते याचमुळे.

पण नुसती थंडी पुरेशी नाही. थंडीत न कुजलेले द्रव्य पीट बनूनही साठते, आणि उत्तर कॅनडात ते तसे साठलेले आहेच. चर्नोझेमचे वेगळेपण कॅल्शियममध्ये आहे. हिमनद्यांनी येताना चुनखडीचे खडक दळून आणले आणि मागे सोडलेल्या गाळमातीत ते मिसळले. ह्युमसची आम्ले या कॅल्शियमशी बांधली जातात, पाण्याबरोबर वाहून जात नाहीत, आणि मातीचे कण जोडून ठेवणारी भुसभुशीत, कणीदार घडण तयार होते. त्यात वणव्यांनी मागे ठेवलेल्या कोळशाची भर. तिथले मूळनिवासी क्री आणि ब्लॅकफूट लोक गवत पेटवीत, विजाही पेटवीत, आणि त्या वणव्यांतला कोळसा ह्युमसचा एक चिवट हिस्सा होऊन राहिला आहे.

माती उलथीपालथी करण्याचे काम बिळे करणाऱ्या प्राण्यांचे. रिचर्डसन खार आणि पॉकेट गोफर खालची फिकट माती वर आणतात, वरची काळी माती त्यांच्या रिकाम्या बिळांत कोसळते, आणि खड्ड्याच्या भिंतीवर फिकट मातीत काळी वर्तुळे दिसतात. त्यांना क्रोटोव्हिना हा रशियन शब्दच जगभर चालतो. इथे एक गंमत सांगितली पाहिजे. युरोपातल्या चर्नोझेमच्या वर्णनात गांडुळांचे गुणगान असते, पण हिमनद्यांनी झाकलेल्या कॅनडाच्या प्रेअरीत मूळची गांडुळे नव्हतीच. आज जी आहेत ती बहुतेक युरोपीय वसाहतींबरोबर आलेली. म्हणजे प्रेअरीची काळी माती गांडुळांवाचून घडली. पाठ्यपुस्तकातले वाक्य दुसऱ्या खंडात नेताना असे तपासून घ्यावे लागते.

सॅस्काटूनच्या आसपास कुरणात खड्डा घेतला तर साधारण असे दिसते. वर वीतभर गडद तपकिरी थर, बोटांनी दाबला की दाण्यादाण्यांनी सुटणारा, मुळांनी विणलेला. त्याखाली तांबूस-तपकिरी थर. त्याची माती उभ्या लोलकाकार ढेकळांत फुटते. मग एकदम पांढरट पट्टा. त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले की फसफसून येते, कारण तो चुन्याचा थर. वरच्या थरांतून विरघळलेला चुना पाण्याबरोबर खाली आला आणि जिथे मुळांनी पाणी शोषून घेतले तिथेच बसला. हा पट्टा किती खोल आहे यावरून त्या जागी नेहमीच्या वर्षांत ओल कुठपर्यंत जाते याचा अंदाज बांधता येतो. कोरड्या दक्षिणेत तो वर असतो, ओलसर उत्तरेत खाली. त्याच्याही खाली हिमनदीने टाकलेली राखाडी, दगडगोट्यांची गाळमाती. रशिया-युक्रेनच्या उत्तम जमिनींत काळा थर मीटरभर किंवा त्याहून जाड भरतो; कॅनडात तो वीत-दीड वीत.

अशा छेदाला चर्नोझेमिक म्हणायचे की नाही, हे कॅनडाची मृदावर्गीकरण पद्धती मोजून ठरवते. या पद्धतीची घडण १९५५ पासून सुरू झाली आणि तिची तिसरी आवृत्ती १९९८ ची आहे. वरचा थर निदान १० सेंटिमीटर जाड हवा. सेंद्रिय कर्ब १ टक्क्याहून कमी नको आणि १७ टक्क्यांहून जास्त नको, नाहीतर तो पीटच्या हद्दीत जातो. कर्ब-नत्र गुणोत्तर १७ च्या आत. विनिमयक्षम स्थानांपैकी ८० टक्क्यांहून अधिक क्षारद्रव्यांनी भरलेली आणि त्यांत कॅल्शियम अग्रभागी. शिवाय मातीचे वर्षाचे सरासरी तापमान शून्य अंशाच्या खाली जायला नको. ही माती सहसा हिवाळ्यात काही काळ गोठते आणि उन्हाळ्यात काही काळ कोरडी पडते. या यादीकडे नीट पाहिले तर प्रत्येक आकडा मघाच्या गोष्टीतल्या एकेका घटनेला जोडलेला दिसतो. जाडी मुळांशी, कर्बाची वरची मर्यादा दलदलीशी, कॅल्शियम हिमनदीच्या चुनखडीशी, तापमान हिवाळ्याशी.

त्यानंतर चार महागट पडतात: ब्राऊन, डार्क ब्राऊन, ब्लॅक आणि डार्क ग्रे. ते पडतात रंगावरून! म्हणजे ज्या रंगावर विश्वास ठेवू नका असे मी दोन पाने आधी म्हटले, त्याच रंगावरून. मन्सेल रंगपत्रिकेशी कोरडी माती ताडून पाहतात. उजळपणाचा आकडा साडेचार ते साडेपाच आला तर ब्राऊन, साडेतीन ते साडेचार आला तर डार्क ब्राऊन, साडेतीनहून गडद असेल तर ब्लॅक. हा विरोधाभास वरवरचा आहे. प्रेअरीत मूळ द्रव्य सारखे, चिकणमातीचा प्रकार सारखा, तेव्हा रंगातला फरक हा जवळपास पूर्णपणे ह्युमसचा फरक असतो आणि ह्युमसचा फरक हा ओलीचा. मेडिसिन हॅटच्या आखूड गवताच्या रखरखीत पट्ट्यातून उत्तरेकडे एडमंटनच्या बाजूला जाताना ब्राऊनमधून डार्क ब्राऊन आणि डार्क ब्राऊनमधून ब्लॅक असा क्रम लागतो, आणि नकाशावर हे पट्टे कमानीसारखे एकाभोवती एक पडतात. जॉन पॅलिसर यांच्या १८५७ ते १८६० च्या मोहिमेने जो त्रिकोण शेतीला अयोग्य ठरवला, तो बराचसा याच ब्राऊन पट्ट्यावर बसतो. रंग हे लक्षण म्हणून विश्वासार्ह ठरते ते त्याचे कारण आधीच माहीत असलेल्या प्रदेशातच. तीच रंगपत्रिका यवतमाळच्या शेतात नेली तर आकडा ब्लॅक महागटाचा येईल आणि निष्कर्ष शुद्ध चुकीचा.

डार्क ग्रेची कथा वेगळी. उत्तरेकडे गवतावर अॅस्पेनची झाडी चाल करून येते. पाने वरून पडू लागतात, आम्लता वाढते, ओल खोलवर जाऊन चिकणमाती खाली नेते, आणि काळ्या थराच्या तळाशी राखट छटा उमटू लागते. ही माती म्हणजे गवताळ जमीन जंगली जमिनीकडे निघाल्याची अवस्था. उपगटांत अशी आणखी वळणे नोंदली जातात. सोडियमचे काम दिसले तर सोलोनेट्झिक. आपल्याकडच्या चोपण जमिनीची ही थंड देशातली बहीण. चिकणमाती भेगाळत असेल तर व्हर्टिक, आणि मधला तपकिरी थर घडलाच नसेल तर रेगो. ही नावे सोळाव्या पानापासून सविस्तर येतील.

जगाच्या इतर पद्धतींनी हीच माती वेगळ्या रेषांनी कापली आहे. आंतरराष्ट्रीय संदर्भपद्धतीत तिची तीन घरे झाली: काळा जाड थर आणि खाली चुना असेल तर चर्नोझेम, थर काहीसा फिका आणि हवा अधिक कोरडी असेल तर कास्टानोझेम, चुना धुऊन गेला असेल तर फेओझेम. यांपैकी कास्टानोझेमचे क्षेत्र सर्वांत मोठे, सुमारे साडेसेहेचाळीस कोटी हेक्टर. अमेरिकेच्या पद्धतीत या सगळ्या ‘मॉलिसॉल’ या एका छत्राखाली येतात, आणि त्यात थंड प्रदेशासाठी ‘बोरॉल’ नावाचा उपवर्ग होता. १९९९ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो मोडला. अतिथंड तेवढ्या ‘क्रायॉल’मध्ये गेल्या, बाकीच्या ओलीच्या प्रमाणानुसार वाटल्या गेल्या. एका आवृत्तीत असलेली माती पुढच्या आवृत्तीत नाहीशी झाली आणि शेतातले ढेकूळ मात्र होते तिथेच राहिले. वर्गीकरणाची टिंगल करणाऱ्यांना हे उदाहरण आवडते. मला त्यात टिंगलीसारखे काही दिसत नाही. निसर्गात रेषा नसतात, उतार असतो, आणि उतारावर खूण कुठे ठोकायची हे कामावरून ठरते. कॅनडाने दहा सेंटिमीटरवर खूण ठोकली कारण तिथला थर पातळ आहे. आंतरराष्ट्रीय पद्धतीत चर्नोझेमसाठी याच्या दुपटीहून अधिक जाडी लागते, तेव्हा कॅनडाच्या अनेक ब्राऊन जमिनी तिथे चर्नोझेम ठरतच नाहीत. दोन देशांच्या आकडेवारीची तुलना करणाऱ्याने एवढे तरी लक्षात ठेवावे.

हजारो वर्षांत साठलेले शतकभरात कसे खर्च झाले, यावर पुस्तकाचा उत्तरार्ध आहे. कॅनडात १८७२ च्या कायद्याने दहा डॉलर शुल्कावर १६० एकर जमीन मिळू लागली आणि कुरणे नांगराखाली आली. प्रेअरीतल्या इंडियन हेड गावचे शेतकरी अँगस मॅके यांनी पडीक ठेवलेल्या रानात पुढच्या वर्षी चांगले पीक येते हे दाखवून दिल्यावर एक वर्षाआड रान मोकळे ठेवायची पद्धत सर्वत्र रूढ झाली. तिने ओल साठली हे खरे. पण मोकळ्या रानात ऊब आणि ओल एकत्र आली, म्हणजे चर्नोझेम ज्या अडथळ्यामुळे घडली तोच अडथळा दूर झाला. ह्युमस भराभर कुजू लागला, त्यातला नत्र गव्हाला फुकट मिळाला, आणि लोकांना वाटले जमीन अक्षय आहे. १९३०च्या दशकात अवर्षण आले तेव्हा घडण मोडलेली माती वाऱ्याबरोबर उडाली. १९३५ मध्ये सरकारला प्रेअरीच्या पुनर्वसनासाठी वेगळी यंत्रणा उभारावी लागली. नांगरटीनंतर मूळच्या सेंद्रिय कर्बाचा सुमारे तिसरा हिस्सा ते निम्मा भाग गेला, असे सर्वसाधारण अनुमान आहे.

पुढे बिननांगरटीची पेरणी आली आणि पडीक वर्षाच्या जागी कडधान्ये आली. सस्कॅचेवान विद्यापीठात अल स्लिंकार्ड यांनी मसुरीवर काम केले, आणि ब्राऊन व डार्क ब्राऊन पट्टा हा मसुरीचा मुलूख बनला. तिथली मसूर मुंबईच्या बंदरात उतरते. कराड-कोल्हापूरच्या ढाब्यावर अख्खा मसूर मागवणाऱ्याचा या मातीशी संबंध येतो तो असा.

महाराष्ट्रात चर्नोझेम नाही, असे सुरुवातीला म्हटले. तिच्या दूरच्या नात्यातली माती मात्र आहे. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दख्खनच्या बेसॉल्टवर, भरपूर पावसाच्या डोंगराळ भागांत, मॉलिसॉल नोंदवल्या आहेत. एवढ्या पावसात क्षार धुऊन जायला हवे होते. ते टिकले ते बेसॉल्टच्या पोकळ्यांतील झिओलाइट खनिजे कॅल्शियम पुरवत राहिल्यामुळे. थंडी नाही, गवताळ स्टेप नाही, हिमनदीची चुनखडी नाही, तरी छेद अमेरिकी पद्धतीच्या कसोटीला उतरतो. उत्पत्तीवरून वर्ग ठरवावा म्हणणाऱ्या माझ्यासारख्याला ही अडचणीची माती आहे, आणि म्हणून तिला शेवटून दुसरे प्रकरण दिले आहे.

पुस्तक वापरण्यासंबंधी थोडे. मन्सेलचे आकडे आणि महागटांची नावे मूळ रूपात ठेवली आहेत, कारण त्यांना मराठी पर्याय घडवले तर नकाशे वाचता येणार नाहीत. ‘हॉरायझन’साठी थर, ‘प्रोफाइल’साठी छेद हे शब्द कृषी महाविद्यालयांत चालतात, तेच घेतले. तीनही पद्धतींचे तुलनात्मक कोष्टक अखेरीस आहे. परीक्षेची घाई असलेल्या विद्यार्थ्याने तिथून सुरुवात करायला माझी हरकत नाही. फक्त कॅल्शियमवरचे दुसरे प्रकरण त्याआधी वाचावे, नाहीतर ८० टक्क्यांची अट कोष्टकात का आहे ते कळणार नाही.